पिपरीच्या बूथवरचं एक मत

हे नलिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, ठाऊक नाही. मुलीला नाही. पक्षातल्या एकाही माणसाला नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तो माझ्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहतो. त्याला तर नाहीच नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही. कदाचित म्हणूनच तुमच्यापुढे बोलायची हिंमत होतेय. हिंमत कसली — ओळखीचं माणूस समोर नाही, एवढंच.

मी मास्तर. वर्ध्यातल्या एका शाळेत आयुष्यभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, पिपरी मेघेला राहतो. लोक मला भला माणूस समजतात. रस्त्यात भेटले की म्हणतात, सर, तुमच्यासारखी निष्ठेची माणसं आता राहिली नाहीत. हे वाक्य ऐकलं की माझी कानशिलं तापतात. त्यांना वाटतं, सर लाजले.

सांगतो. पण आधी पक्षाचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. टाळतोय का मी? थोडं टाळतोच आहे.

पक्षाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी तुम्हाला आठवणार नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. माझ्या तरुणपणी वर्ध्यातले काही मास्तर, दोन-तीन वकील आणि कापडाचे एक-दोन दुकानदार मिळून त्याची जिल्हा शाखा सुरू झाली. एका बाजूचे लोक एक ओरडत होते, दुसऱ्या बाजूचे दुसरं. आम्ही म्हणालो, मधून चालू. कोणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पाणी-रस्ते-शाळा यावर बोलायचं, आणि आवाज न चढवता बोलायचं. लोकांनी आमचं नाव ठेवलं — मधातले, म्हणजे मधले. रिक्षा फिरवली की पोरंबाळं ओरडायची, मधातले आले, मधातले आले. आम्ही हसायचो. हसण्याशिवाय करणार काय?

निवडणुका आम्ही सगळ्या लढलो. एकही सोडली नाही. मान्यता नसलेल्या पक्षाला स्वतःचं चिन्ह नसतं, दर खेपेला जे शिल्लक असेल ते मिळतं. एकदा शिलाई मशीन मिळालं, पुढच्या वेळी कपबशी, मग रोडरोलर, मग बॅट. पाच वर्षं घरोघरी जाऊन शिलाई मशीन लोकांच्या डोक्यात बसवायचं, आणि पुढच्या निवडणुकीत ते मशीन कुठल्यातरी अपक्षाला मिळालेलं! सिंदी मेघेची एक म्हातारी मला मोठ्या आनंदानं म्हणाली होती, सर, म्या तुमच्या मशीनवरच ठप्पा मारला. त्या वर्षी आमची कपबशी होती.

अनामत रक्कम दर वेळी जप्त. फक्त एकदा पुलगावच्या नगर परिषदेत आमचा एक माणूस निवडून आला. एकच. गुलाल उधळला, मिरवणूक काढली, मी उघड्या जीपमध्ये उभा राहून भाषण केलं. तीन महिन्यांत तो मोठ्या पक्षात गेला, आणि प्रवेशाच्या कार्यक्रमात म्हणाला की आधीचा पक्ष चांगला होता, पण... त्या 'पण'चा मला अजून राग येतो. आणि मग मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आलं, तेव्हापासून आम्ही त्या बटणाच्याही खाली जायला लागलो. कोणीही नाही — त्याच्याही खाली आम्ही. कल्पना करा.

का टिकलो मग? माझ्या भाषणावर टिकलो. हे मी फुशारकीनं सांगत नाही, तसं सांगायची माझी लायकी नाही. पण खरं आहे. लोक म्हणायचे, सर, तुम्ही माणसं चांगली, पण निवडून येणार नाही, तुम्हाला मत म्हणजे मत वाया. त्यावर माझं एक उत्तर होतं. पाठ होतं. मत वाया जात नाही, म्हणायचो मी. मनात नसलेल्या माणसाला दिलेलं मत वाया जातं. जिंकणाऱ्याच्या मागं धावणं याला मतदान म्हणत नाहीत, ती गर्दी झाली. असं बरंच काही. टाळ्या पडायच्या. मतं पडायची नाहीत, टाळ्या पडायच्या.

त्या टाळ्यांत सगळ्यात मोठी टाळी देवरावची असायची.

देवराव लोणारे. पिपरीत त्याची पिठाची चक्की आहे. आधी पुलगावच्या मिलमध्ये होता. तिथलं काम सुटलं तेव्हा भावाकडे पिपरीला आला आणि भावाच्याच घराच्या पडवीत चक्की टाकली. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नाही. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. चौथीपर्यंत शिकलेला. तो पक्षात आला तो माझं भाषण ऐकून, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. दळण घेऊन आलेल्या बायांना पीठ गाळता गाळता म्हणायचा, सर म्हणते ना बाई, मत वाया नाई जात. बाया हसायच्या. त्याच्या भुवयांवर पीठ बसलेलं असायचं आणि तो पूर्ण गंभीर असायचा.

त्याचा भाऊ, वहिनी, पुतणे — सगळे मोठ्या पक्षाचे. भावानं तर दारावर झेंडा लावलेला. देवराव त्याच घरात जेवायचा आणि त्याच घराच्या भिंतीला आमचं पोस्टर लावायचा. भाऊ फाडायचा. हा परत लावायचा. एवढी हिंमत माझ्यात कधी होती? माझ्या घरी पोस्टर फाडणारं कोणी नव्हतं. नलिनी म्हणायची, तुमचा पक्ष तुमच्याजवळ, माझं मत मी माझ्या मनानं देते. ते ती कुणालाही सांगायची, वकीलसाहेबांनासुद्धा.

वकीलसाहेब म्हणजे आमचे जिल्हाध्यक्ष. कोर्टात चांगलं नाव असलेला माणूस. विधानसभेला दर वेळी तेच उभे राहायचे, कारण दुसरं कोणी राहायचं नाही. मी सरचिटणीस. वर्षं सरत गेली तसे बाकीचे पांगले. कोणी मोठ्या पक्षात गेलं, कोणी नागपूरला मुलाकडे गेलं, कोणी वरच गेलं. शेवटी पिपरीच्या आमच्या बूथवर पक्षाची दोन माणसं उरली. मी आणि देवराव.

दोन. हा आकडा लक्षात ठेवा. मला विसरता येत नाही.

ती विधानसभेची निवडणूक. फार जुनी गोष्ट नाही. त्या वेळी दोन मोठ्या पक्षांत अगदी अटीतटीची होती, आणि त्यांतला एक उमेदवार माझा जुना विद्यार्थी. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, बरा मुलगा होता. प्रचार संपायच्या दिवशी तो माझ्या घरी आला. पाया पडला, नलिनीच्या हातचा चहा प्यायला. मत मागितलं नाही. उठताना फक्त एवढंच म्हणाला, सर, तुम्हाला काय सांगणार, पण एकदा तरी जिंकणाऱ्या बाजूला उभं राहून बघा, वेगळं वाटतं. मी हसलो. त्याला माझं पाठ उत्तर ऐकवलं. तो ऐकत उभा राहिला, शाळेत उभा राहायचा तसा.

त्यानं मला काही दिलं नाही, काही कबूल केलं नाही. हे तुम्हाला आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही आता शोधाल — काहीतरी कारण असेल, मुलीची नोकरी, बदली, काहीतरी दबाव. नव्हता. कारण असतं तर मी ते केव्हाच सांगितलं असतं, आणि लोकांनी समजूनही घेतलं असतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. देवराव आमचा पोलिंग एजंट. सकाळी सहापासून बाकावर बसलेला, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. मला पाहून अर्धवट उठला, पुन्हा बसला. बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो. यंत्रावर वकीलसाहेबांचं नाव होतं, त्यापुढे बॅट. त्याच्या वर, दोन नावं सोडून, माझा विद्यार्थी.

मी त्याचं बटण दाबलं.

बाजूच्या यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी दिसली. सात सेकंद दिसते ती. मी पूर्ण सात सेकंद पाहत राहिलो. मग ती खाली पडली. बाहेर आलो. देवरावनं माझ्याकडे पाहून मान हलवली — झालं ना, अशी. मीही मान हलवली.

का? का केलं मी असं? मला एकदा जिंकायचं होतं. बस. इतक्या वर्षांत एकदा. निकालाच्या दिवशी आपण ज्याला मत दिलं तो जिंकला, हे कसं लागतं ते मला चाखायचं होतं. इतकं पोरकट, इतकं क्षुल्लक. एखादा माणूस पैशासाठी विकला जातो, त्याला निदान भाव तरी असतो. मी फुकट गेलो.

आणि तो जिंकला. दुपारी फटाके वाजायला लागले तेव्हा मी गच्चीवर गेलो. गुलालाचा ढग दिसत होता. आणि मला — लिहितो, लिहायचंच आहे — मला आनंद झाला. खरा आनंद. छाती भरून आली. तिकडे वकीलसाहेबांची अनामत जप्त झाली होती, देवराव मोजणीच्या मंडपात उपाशी उभा होता, आणि मी गच्चीवर एकटाच हसत होतो.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी तुमच्यापर्यंत आलोच नसतो. एका माणसानं एक मत दुसरीकडे टाकलं. मत गुप्त असतं, ज्याचं त्याच्याजवळ. मी मनातल्या मनात शरमलो असतो आणि विसरलो असतो.

महिन्याभरानं वकीलसाहेबांनी बैठक बोलावली. त्यांच्याच ऑफिसात, पुस्तकांच्या कपाटांमध्ये. आठ-नऊ जण असू. त्यांनी निवडणूक कार्यालयातून बूथनिहाय मतांची यादी आणली होती. दर निवडणुकीनंतर ते ती आणायचे आणि एकेक बूथ वाचून दाखवायचे, कुठे वाढलं, कुठे घटलं. घटलेलंच असायचं. वाचत वाचत पिपरीवर आले आणि थांबले. चष्मा काढून पुसला. पुन्हा पाहिलं. एक, म्हणाले. आपल्याला इथं एक मत आहे.

मग देवरावच हसला. म्हणाला, मशीन बिघडली असन, साहेब.

वकीलसाहेब हसले नाहीत. म्हणाले की मत गुप्त असतं हे मला कोणी सांगायला नको, कायदा मला कळतो. पण पिपरीत आपली माणसं दोन. मत एक. आणि असं म्हणून त्यांनी देवरावकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. एकदाही नाही. खोलीतल्या एकाही माणसानं माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊ मोठ्या पक्षाचा कोणाचा? देवरावचा. झेंडा कोणाच्या घरावर? देवरावच्या. चौथी शिकलेला कोण? आणि मी तर सर! इतका सोपा हिशेब होता तो. माझ्या बाजूनं सगळं आपोआप जुळून आलं होतं, मला फक्त गप्प बसायचं होतं.

मी गप्प बसलो असतो तरी तो भेकडपणाच ठरला असता. पण मी गप्पसुद्धा बसलो नाही.

देवराव गोंधळला होता. साहेब, मी आपल्याच बटनावर बोट ठेवलं, असं तो दोनदा म्हणाला. मग माझ्याकडे वळला.

"सर, तुमी सांगा न याईले. तुमी ओळखता मले."

आणि मी — पुढे झुकून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, वर्गात रडणाऱ्या पोराला समजावतो तसल्या आवाजात म्हणालो, "देवराव, झालं ते झालं. कबूल करून टाक. इथं तुला कोणी रागावणार नाही."

हे माझे शब्द. एकही बदललेला नाही. त्यात केवढा मोठेपणा आहे पाहा! क्षमा करत होतो मी त्याला. खोलीतल्या सगळ्यांना माझं कौतुक वाटलं, मला दिसत होतं. एकानं तर मान डोलावली.

देवरावनं माझ्याकडे पाहिलं. मी मनातून तयार होतो, की आता हा म्हणेल, मग सर, तुम्हीच. त्यानं म्हणायला हवं होतं. एवढं सरळ होतं ते! दोघांपैकी एक खोटा, आणि आपण खरे हे त्याला माहीत होतं. मग उरलं कोण? पण तो काही बोलला नाही. टोपी उचलली आणि गेला. मला त्या वेळी त्याचा राग आला. खरं सांगतो, त्याचा राग आला, की हा भांडत का नाही.

घरी आल्यावर नलिनीला सांगितलं — म्हणजे बैठकीत काय झालं तेवढंच. ती कणीक मळत होती. म्हणाली, देवराव असं करणार नाही. मग तिनं विचारलं, दुसरं मत मग गेलं कुठं? साधा प्रश्न. मी तिच्यावर असा ओरडलो की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. तुला राजकारणातलं काय कळतं, म्हणालो. पस्तीस वर्षांच्या संसारात असा ओरडलो नव्हतो. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला काय वाटलं असेल ते मी आजवर तिला विचारलेलं नाही.

नंतर तीन आठवडे मी दळण दुसऱ्या चक्कीवर नेलं. चौथ्या आठवड्यात नलिनीनं गव्हाचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, देवरावकडेच न्या, तिकडचं पीठ जाड येतं. गेलो. दुसऱ्या कोणाचं दळण नव्हतं. त्यानं डबा घेतला, गहू हातात घेऊन पाहिले, चक्कीत ओतले. चक्की चालू होती तोवर बोलता येत नाही, फार आवाज. पीठ झालं, त्यानं पट्टा बंद केला. आणि त्या शांततेत तो म्हणाला,

"सर, मी लय इचार केला. मले वाट्टे माहंच बोट चुकलं असन."

मी डबा पुढे ओढला.

सकाळपासून बसून होतो, म्हणाला. भूक लागली होती, डोळ्यापुढं अंधारी आली असन. बॅट कुठं, काय कुठं, नसन दिसलं बराबर. चिठ्ठी पाह्यली तं होती मी, पण आता पक्कं नाई सांगता येत.

आणि मग: "कावून का सर, तुमचं तं चुकू शकत नाई."

कळलं तुम्हाला? त्यानं माझ्यावर संशय घेतला नव्हता म्हणून तो त्या दिवशी गप्प होता. त्याला ती शक्यताच सुचली नव्हती. दोन माणसं, एक मत, आणि सर खोटं बोलणार नाहीत — मग स्वतःचं बोट, स्वतःचे डोळे, स्वतः पाहिलेली चिठ्ठी, हे सगळं त्यानं खोटं ठरवून टाकलं. तीन आठवडे एकटा बसून ठरवलं. मी सर होतो म्हणून.

त्या वेळी चक्कीत आम्ही दोघंच होतो. रस्त्यावरही कोणी नव्हतं. याहून सोपी वेळ माणसाला मिळते का? चार शब्द पुरे होते. चुकलो तो मी होतो. चार शब्द.

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

आणि डबा घेऊन घरी आलो. त्या पिठाच्या पोळ्या खाल्ल्या.

तो दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांकडे गेला. कोणी बोलावलं नव्हतं, आपणहून गेला. म्हणाला, साहेब, माझ्या हातून चूक झाली असावी, माफ करा. वकीलसाहेबांना काय वाटलं असेल? त्यांना वाटलं, गडी शेवटी कबूल झाला, आणि वर बोट चुकल्याचं सोंग करतोय. त्यांनी त्याला चहा विचारला नाही. हे मला वकीलसाहेबांनीच फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाले, तुम्ही त्याला त्या दिवशी फार सांभाळून घेतलंत, मास्तर, तुमच्यासारखं मन माझं नाही. मी फोन कानाला लावून ऐकत होतो. नाही म्हणालो नाही.

गोष्ट फिरली. अशी गोष्ट गावात राहत नाही, फिरते. दळणाला आलेले लोक विचारायला लागले, देवराव, बोट बरं आहे का? गव्हात ज्वारी नको टाकू बाबा, बोट चुकून. त्याच्या भावानं तर भर चौकात टाळी दिली, म्हणाला, शेवटी रक्त आपल्याकडंच वळलं. देवरावला हे सगळ्यात जास्त लागलं असणार. ज्या घरात राहून तो इतकी वर्षं भांडला, त्या घरानं त्याला आपलं म्हणून घेतलं, आणि तेही खोट्यावर.

पुढच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत त्याला कोणी बोलावलं नाही. पोलिंग एजंट म्हणून सिंदी मेघेचा एक नवीन माणूस आणला. नावाची शिफारस मी केली. सभेला देवराव आला होता. मागे, सायकल धरून उभा होता. मी बोलत होतो. मत वाया जात नाही — बोलत होतो मी ते. तोंडातून नेहमीसारखं आलं, एक अक्षर अडखळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंही वाजवल्या, हँडल कमरेला टेकवून.

आणि मतदानाच्या दिवशी तो आला नाही. संध्याकाळी पाच वाजता मतदारयादीत त्याच्या नावापुढे खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं. विचारायचं काही कारण नव्हतं, पण विचारलं, सरचिटणीस ना मी. तो म्हणाला, आता नाई जात सर मी. परत चुकलं तं?

त्यानंतरच्या एकाही निवडणुकीत त्यानं मत दिलेलं नाही. ज्या माणसाला मी मत म्हणजे काय ते शिकवलं, त्याच्या हातातून ते मी काढून घेतलं. कायद्यानं नाही, दमदाटीनं नाही. त्याच्या विश्वासानंच काढून घेतलं.

तुम्हाला वाटेल, संपलं. नाही संपलं. मी याहून खाली गेलो.

मागच्या वर्षी वकीलसाहेबांनी पक्षाचं ऑफिस बंद करायचं ठरवलं. त्यांचं वय झालं, माणसं उरली नाहीत. म्हणाले, मास्तर, जाताना निदान एक छोटी पुस्तिका तरी काढू, जिल्ह्यात आपण काय केलं, कुठे लढलो, सगळं येऊ द्या त्यात. इतिहासाचे मास्तर तुम्ही, तुम्हीच लिहा. मी लिहिली. सगळी चिन्हं लिहिली, सगळे पराभव लिहिले, पुलगावचा नगरसेवकही लिहिला. आणि देवराववर चार ओळी लिहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं. वकीलसाहेब तर त्याला विसरूनही गेले होते. मला वाटलं, त्याचं नाव यायला हवं, त्याच्यासाठी निदान एवढं करू. म्हणून लिहिलं, की पिपरी मेघे येथील देवराव लोणारे हे साधे व कष्टाळू कार्यकर्ते. मतदानात अनवधानाने त्यांच्या हातून चूक झाली, परंतु ती त्यांनी मोठ्या मनाने कबूल केली.

मोठ्या मनाने. माझा शब्द.

पुस्तिका छापून आली. देवरावनं आपल्या पुतण्याच्या बायकोकडून त्या ओळी वाचून घेतल्या. मग ती पुस्तिका चक्कीच्या भिंतीला, विजेच्या बटणाच्या वर, त्या पानावर उघडून खिळ्याला लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. मलाही दाखवली. सर, माहं नाव आलं पुस्तकात, म्हणाला. तुमी देल्लं. त्याचे डोळे भरले होते. आता पीठ बसलंय त्या पानावर, पण अक्षरं दिसतात.

तुम्हाला त्याची कीव येत असेल. मला येत नाही. मला राग येतो. त्याच्यावर नाही आता, तोही टप्पा झाला. माझ्या त्या मायाळू आवाजाचा राग येतो. खांद्यावर ठेवलेल्या हाताचा. हे लिहिताना मध्येच चांगली वाक्यं सुचतात आणि मी ती लिहितो, त्याचाही राग येतो. आणि हे छापून आलं तर कोणीतरी त्याला वाचून दाखवेल, म्हणजे मला समोर जाऊन सांगावं लागणार नाही, हा विचारही माझ्या डोक्यात आहे. असा आहे मी. तीन गल्ल्या चालत नाही, पानं भरतो.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघणार नाही. म्हणून दुरुस्ती इथे लिहितो. त्या विधानसभेच्या निवडणुकीत पिपरी मेघेच्या आमच्या बूथवर पक्षाला एक मत पडलं. ते देवराव लोणारे यांचं होतं. त्यांच्या हातून कुठलीही चूक झाली नव्हती. जिल्हा सरचिटणीसांनी, म्हणजे मी, दुसऱ्या पक्षाचं बटण दाबलं होतं. दाबताना शुद्धीत होतो. चष्मा डोळ्यावर होता.